सीलबंद खोक्यातील रिकाम्या चौकटी : मॉडेल किटच्या खरेदीत झालेल्या फसवणुकीचा अनुभव

रणगाडे आणि लढाऊ विमाने यांची प्लॅस्टिकची स्केल मॉडेल, म्हणजे प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती, सुट्या भागांच्या किटमधून बनवणाऱ्या कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातील सर्व मंडळींनी हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. दिवंगत वडिलांच्या संग्रहातील सीलबंद किट विकायची आहेत असे सांगणारी एक व्यक्ती सध्या आपल्यासारख्या छंदिष्टांना गाठत आहे. माझ्याकडून आणि माझ्या एका मित्राकडून मिळून तिने अठरा हजार रुपये घेतले आणि त्या बदल्यात जे पाठवले, त्यातले एकच खोके सांगितल्याप्रमाणे निघाले. हा प्रकार केवळ स्वस्ताचे आमिष दाखवून केलेला नाही. आपल्या छंदाच्या सवयी नेमक्या ओळखून तो रचलेला आहे, म्हणून तो तपशिलाने लिहीत आहे.

आपल्याकडे चांगली किट मिळणे किती अवघड झाले आहे, हे या छंदातल्या माणसाला सांगायला नको. आयात शुल्काच्या वर्गवारीत स्केल मॉडेल आणि खेळणी एकाच शीर्षाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते सत्तर टक्क्यांवर नेण्यात आले. त्यातच १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देण्याचा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्या तडाख्यात तामिया, एअरफिक्स, एडुआर्ड या परदेशी कंपन्यांची किट मागवणारे छोटे दुकानदारही सापडले. परिणामी आपण एकमेकांच्या संग्रहावर, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतल्या जागेवर आणि अनोळखी विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहू लागलो. जिथे वस्तू दुर्मीळ असते आणि घेणारा उत्सुक असतो, तिथे असा माणूस येणारच.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग-२१ विमानांना हवाई दलाने निरोप दिला. १९६३ पासून सेवेत असलेल्या या विमानाचे आपल्याही कपाटात एक चांगले मॉडेल असावे, असे त्या दिवसांत अनेकांना वाटू लागले. मित्राला आणि मलाही तसेच वाटले. शिवाय १९६५ च्या भारत-पाक युद्धातील, पंजाबातल्या असल उत्तर येथील रणगाडा-लढाईचा देखावा करण्याचे आमच्या मनात बरेच दिवस घोळत होते. आपल्या सैन्याच्या डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे शर्मन रणगाडे आणि समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, असा तो बेत होता. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन मित्राने त्यासाठी भरपूर छायाचित्रेही काढून आणली होती. अशा वेळी त्या व्यक्तीचा निरोप आला. किट हवी असल्याचे आम्ही जिथे विचारले होते, तिथूनच तिने माझा क्रमांक मिळवला असावा.

तिने सांगितलेली हकिगत अशी : वडील हवाई दलात तंत्रज्ञ होते, निवृत्तीनंतर त्यांनी मॉडेलचा छंद जोपासला, आता ते राहिले नाहीत, आईला घर आवरायचे आहे आणि हा ठेवा रद्दीत जाण्यापेक्षा जाणकाराच्या हाती पडावा अशी कुटुंबाची इच्छा आहे. बोलणे अतिशय मृदू होते. प्रत्येक वाक्यात ‘साहेब’ असे. मी रंगासाठी मिस्टर कलर वापरतो की तामियाचे ॲक्रिलिक, एअरब्रशला कॉम्प्रेसर कोणता लावला आहे, हंटर विमानाला आधी पिवळसर प्राइमर (रंगाखालचा थर) देतो की राखाडी, असे प्रश्न तिनेच मला विचारले. मिग-२१ च्या एफएल आणि बिस या प्रकारांतील पाठीच्या फुगवट्याचा फरकही तिला माहीत होता. इतकी माहिती असलेला माणूस या छंदातलाच असणार, असा कोणीही निष्कर्ष काढला असता, आणि तो निष्कर्ष दुर्दैवाने खराही होता.

यादीत चार खोकी होती : एडुआर्डचे १/४८ मापाचे (म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढे) मिग-२१ बिस, एअरफिक्सचे त्याच मापाचे हॉकर हंटर विमान, इटालेरीचा १/३५ मापाचा एम-४७ पॅटन आणि तामियाचा त्याच मापाचा शर्मन. किंमत चालू भावापेक्षा किंचित कमी होती, पण संशय यावा इतकी नाही. ‘फार स्वस्त मिळत असेल तर सावध व्हा’ हा नेहमीचा सल्ला इथे काहीही उपयोगाचा नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो. खात्री पटावी म्हणून तिने पॅटनचे खोके उघडून आतले सर्व भाग दाखवणारी चित्रफीत पाठवली. ‘बाकीची सीलबंद आहेत, ती उघडली तर तुमचेच नुकसान आहे साहेब,’ असे त्यावर तिचे म्हणणे होते. पैसे पाठवताना बँकेच्या नोंदीतले नाव निराळेच दिसले, तेव्हा ते वहिनींचे खाते असल्याचे तिने लगेच सांगितले.

पार्सल वेळेवर आले. खोकी खरी होती, त्यांवरची चित्रे खरी होती आणि तीन खोक्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचे घट्ट आवरण होते. वजन जेवढे असावे तेवढे वाटत होते, हलवल्यावर आतून भागांचा ओळखीचा खडखडाट येत होता. पार्सल पोहोचल्याचे कळवल्यावर तिचा जो निरोप आला, तो या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली आहे असे मला वाटते. ‘साहेब, प्रत्यक्ष काम सुरू करेपर्यंत सील तोडू नका. सील तुटले की संग्राहकाच्या दृष्टीने किंमत निम्मी होते.’

आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाटावर न उघडलेल्या किटची चळत असते. एक मॉडेल पूर्ण व्हायला काही महिने लागतात आणि घेतलेले किट कधी कधी वर्षानुवर्षे वाट पाहते. ही आपली रीत आहे आणि त्यात गैर काही नाही. पुढे ते किट मिळेल याची शाश्वती नसते, म्हणून आपण मिळेल तेव्हा घेऊन ठेवतो. या व्यक्तीचा सारा व्यवहार याच रीतीवर उभा आहे. खोके उघडेपर्यंत तिचा फोन क्रमांक बदललेला असतो, पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेले असतात, आणि दुरुस्तीचा किंवा परताव्याचा प्रश्नच उरत नाही. उशिरा उघडणाऱ्या ग्राहकाला तर फसवणूक कोणी केली, हेही नीट आठवणार नाही.

आमच्या बाबतीत ते लवकर उघडकीस आले, कारण देखाव्याचे काम दिवाळीनंतर लगेच सुरू करायचे होते. शुक्रवार पेठेत मित्राच्या घरी टेबलावर कटिंग मॅट अंथरून आम्ही आधी मिगचे आवरण कापले. झाकण उघडून मित्राने वरची पिशवी बाजूला केली आणि म्हणाला, “भावा, ह्यात विमानच न्हाई.”

विमान होते, पण ते या खोक्यातले नव्हते. ज्या चौकटीला भाग जोडलेले असतात तिला आपण स्प्रू म्हणतो. खोक्यात राखाडी प्लॅस्टिकच्या अशा बऱ्याच चौकटी होत्या. मात्र त्यांतल्या बहुतेक रिकाम्या होत्या, म्हणजे भाग कापून घेतल्यावर ज्या आपण टाकून देतो, त्या. खोक्याचे वजन भरावे आणि आतून आवाज यावा, एवढ्यासाठीच त्या भरलेल्या होत्या. मधल्या एका पिशवीत कोणत्या तरी जुन्या, लहान मापाच्या मिगचे भाग होते. मिग-२१ च्या पंखांचा खरा विस्तार ७.१५ मीटर आहे. १/४८ मापात तो जवळजवळ १४.९ सेंटिमीटर यायला हवा, तर १/७२ मापात ९.९ सेंटिमीटर. पंख जुळवून पट्टी लावली तेव्हा दहा सेंटिमीटरही भरले नाहीत. पत्र्यांच्या जोडरेषा कोरलेल्या नसून उठावाच्या होत्या, जशा जुन्या साच्यांतल्या किटवर असतात. पितळी पत्र्याचे बारीक भाग आणि रंग देताना काही भाग झाकणारे चिकट मास्क यांचा पत्ता नव्हता.

त्या रिकाम्या चौकटी मी बराच वेळ पाहत बसलो. बोथट पक्कडीने भाग तोडला तर कापलेल्या जागी प्लॅस्टिकवर ताणाचा पांढरा डाग पडतो. या चौकटींवर तसा डाग कुठेही नव्हता. प्रत्येक टोक धारदार निपरने, भागापासून थोडे अंतर राखून, स्वच्छ कापलेले होते. ज्याने ते मॉडेल बनवले त्याचा हात सफाईदार आहे. आपल्यासारखाच रात्री दिव्याखाली बसून काम करणारा हा माणूस आहे आणि तो आपल्याच लोकांना लुबाडतो आहे, याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक झाले.

हंटरच्या खोक्यात मूळ भाग बहुतांश होते, परंतु कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचे काचेचे झाकण) आणि इतर पारदर्शक भागांची पिशवी काढून घेतलेली होती, आणि डिकलचा, म्हणजे विमानावर चिकटवायच्या खुणांचा, कागद पिवळा पडून कडेने सुटलेला होता. शर्मनमध्ये वरचा सांगाडा आणि टरेट (तोफेचा फिरता बुरूज) होते. चाकांच्या बोगी (चाके बसवायचे जोडसंच) आणि दोन्ही ट्रॅक (चाकांवरचे साखळीपट्टे) नव्हते. शर्मनच्या प्रत्येक बाजूला तीन बोगी असतात आणि त्यांच्याशिवाय तो रणगाडा उभाच राहू शकत नाही. चित्रफितीत दाखवलेला पॅटन तेवढा पूर्ण होता.

फोन केला तेव्हा ती व्यक्ती आधी गोंधळल्यासारखी बोलली. वडिलांनीच कधी तरी भाग काढले असतील, आम्हाला यातले काय कळते, असे म्हणाली. सील असलेल्या खोक्यातून भाग कसे काढले, असे विचारल्यावर फोन बंद झाला आणि नंतर आमचे दोन्ही क्रमांक तिने ब्लॉक केले. पार्सलवरील पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर त्या नावाचे कोणी राहत नसल्याचे त्या शहरातील एका परिचिताने जाऊन पाहून कळवले. यादीसोबत आलेली मूळ छायाचित्रे आम्ही इंटरनेटवर उलट शोधून पाहिली, तेव्हा तेच कपाट आणि तीच खोकी एका परदेशी संग्राहकाच्या जुन्या छायाचित्रात सापडली. भिंतीवरचे विजेचे सॉकेटसुद्धा आपल्याकडचे नाही.

आवरणाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्यात त्याविषयी फार गैरसमज आहे. पारदर्शक श्रिंक आवरण म्हणजे कंपनीचे सील नव्हे. भेटवस्तूंची खोकी गुंडाळणाऱ्या दुकानदाराकडेही गरम हवेचे ते यंत्र असते आणि कोणतेही खोके क्षणात पुन्हा ‘सीलबंद’ होते. किट खरे की खोटे हे आतल्या चौकटीच सांगतात. बहुतेक कंपन्यांच्या स्प्रूवर अक्षरांची खूण असते, अनेकांवर कंपनीचे नाव किंवा किटचा क्रमांकही साच्यातच उठवलेला असतो, आणि सूचनापुस्तिकेच्या सुरुवातीला कोणत्या अक्षराच्या किती चौकटी असाव्यात याचा नकाशा दिलेला असतो. जुने किट घेताना प्रत्येक चौकटीचे, पारदर्शक भागांचे आणि डिकलचे स्वतंत्र छायाचित्र मागावे, आणि त्यात त्या दिवशीच्या तारखेची हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगावे. सच्चा विक्रेता त्याला नाही म्हणत नाही. आमच्या ओळखीच्या पुण्याच्या एका वयस्कर संग्राहकांनी तर न मागता तशी छायाचित्रे पाठवली होती. पार्सल उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून शेवटच्या पिशवीपर्यंत सलग चित्रण करावे, आणि ते आल्या दिवशीच करावे. सील राखल्याने वाढणारी किंमत ही विकणाऱ्याच्या कामाची, मॉडेल बनवणाऱ्याच्या नव्हे.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. व्यवहाराचा यूपीआय क्रमांक, संभाषणाची छायाचित्रे, पार्सलची चिठ्ठी आणि भागांची मोजमापे असे सर्व काही जोडले आहे. वस्तू पाठवलेली असल्याने हा साधा खरेदीचा वाद आहे, असे कोणी म्हणू शकेल. परंतु खोट्या नावाने, खोटी हकिगत सांगून आणि खोक्यात मुद्दाम टाकाऊ प्लॅस्टिक भरून पैसे घेणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणूक आहे, आणि संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खालील गुन्हा आहे, हे आम्ही तक्रारीत स्पष्टपणे मांडले आहे. पैसे जाताच १९३० वर फोन केला तर रक्कम खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता असते. त्या व्यक्तीला आपण खोके उशिरा उघडावे असे वाटते, त्याचे हेही एक कारण आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एका तरुणाने मला एक यादी दाखवली. नाव वेगळे, फोन वेगळा, आणि या वेळी वडील नौदलात होते. यादीत सी हॅरियर हे नौदलाचे विमान आणि दोन रणगाडे होते. छायाचित्रात मात्र तेच कपाट, तेच सॉकेट, आणि डावीकडून दुसऱ्या चळतीत कोपरा फाटून आतला तपकिरी पुठ्ठा दिसणारे तेच हंटरचे खोके होते. त्याने पैसे पाठवले नाहीत आणि यादीची प्रत आमच्या तक्रारीला जोडण्यासाठी दिली. हे छायाचित्र ज्यांना आले असेल, त्यांनी आलेला निरोप पुसून न टाकता जपून ठेवावा. आणि ज्यांनी अशा व्यक्तीकडून खोकी घेऊन कपाटावर ठेवली आहेत, त्यांनी ती आजच उघडावीत. कोणाला तक्रार करायची असल्यास संदर्भासाठी आमच्या तक्रारीचा क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील आम्ही देऊ.