कंप्रेसर बदला म्हणाले होते, नुसत्या क्लचवर काम झालं (ट्रक एसी, सांगली)

माझी दहा चाकी आहे, सांगली ते वाशी मार्केट, बेदाणा आणि हळद. एप्रिलपासून एसीनं वैताग आणला होता. सकाळी निघालं की पेठ नाक्यापर्यंत केबिन एकदम गार, कराड सोडलं की गरम हवा, मग साताऱ्याला ढाब्यावर तासभर थांबून परत स्टार्ट केलं की पुन्हा गार. त्यात इंजिन चालू असताना पुढून घरघर आवाज, एसी बंद ठेवला तरी येणारच.

आधी एका ठिकाणी दाखवलं, त्यांनी बॉनेटमध्ये दोन मिनिटं डोकावून सांगितलं कंप्रेसर गेला, 24 हजार. गाडीचा हप्ता चालू असताना एवढे पैसे एकदम कुठून काढायचे म्हणून तसाच महिनाभर गाडी चालवली, खंबाटकी चढताना दुपारी केबिनमध्ये जी अवस्था होते ती ड्रायव्हर माणसालाच माहीत.

मग मित्रानं कुपवाड रोडच्या एका गॅरेजला पाठवलं. छोटं शेड आहे, बोर्ड पण नीट दिसत नाही. मिस्त्रींनी काही खोलायच्या आधी एसी चालू करायला लावला आणि मला खाली बोलावून दाखवलं, "दादा, पुली फिरतीय पण पुढची प्लेट थांबलीय बघा." कंप्रेसरची पुली बेल्टवर कायम फिरते, एसी लावला की कॉइल चुंबकासारखी प्लेटला पुलीकडं ओढून चिकटवते आणि मग कंप्रेसर फिरतो, हाच एसीचा क्लच. कॉइलच्या वायरला टेस्ट लॅम्प लावला, करंट येत होता. इंजिन बंद करून फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घातला तर पुली आणि प्लेटमधला गॅप 1 मिमीच्या वर, पाहिजे साधारण अर्धा मिमी. प्लेट झिजून गॅप वाढला की थंड असताना कॉइल कशीबशी ओढून घेते, पण तापली की तिची ताकद कमी होते आणि क्लच सुटतो. म्हणजे कराडपर्यंत गार का आणि पुढं का नाही, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. एवढ्या दिवसात हे कुणी सांगितलं नव्हतं.

मला सगळ्यात पटलं ते पुढचं. म्हणाले नुसता गॅप असता तर आतला एक शिम (पातळ वॉशर) काढून भागवलं असतं, पण तुमची प्लेट तापून निळी पडलीय आणि पुलीचं बेरिंग पण वाजतंय, ते जाम झालं तर बेल्ट जळून गाडी रस्त्यात उभी राहील, त्यामुळं प्लेट, पुली, कॉइल सगळा सेट घालू. आणि सेट मागवायच्या आधी प्लेट काढून शाफ्ट हातानं फिरवून बघितला, कारण कंप्रेसरच आतून जाम असेल तर नवीन क्लच पण जळतो. माझा मोकळा फिरला.

सेट कोल्हापूरहून दुसऱ्या दिवशी आला. बॉक्स फोडल्यावर 24 व्होल्टचाच आहे ना ते आधी बघितलं, पुलीच्या खाचा जुन्या पुलीशी मोजल्या. कारची 12 व्होल्टची कॉइल आपल्या गाडीला लागली तर जळणारच. पुलरनं जुनं काढून, पुली धरून ठेवणारी सर्क्लिप बसवून, गॅप तीन बाजूंनी मोजून दीड तासात काम झालं. गॅस सोडावा लागला नाही कारण क्लच बाहेरून शाफ्टवर असतो, त्यामुळं गॅसचे पैसे वाचले. सेट आणि मजुरी धरून 5,600 घेतले, जुना माल पोत्यात बांधून हातात दिला.

आपल्याकडं कारचे एसीवाले पायलीचे पन्नास आहेत पण ट्रक म्हणलं की हात वर करतात. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या मोठ्या ट्रकना केबिन एसी कंपल्सरी झालाय, म्हणजे हे काम करणारी माणसं अजून लागणार, आणि ती अशी समजावून सांगणारी असावीत असं मनापासून वाटतं.

त्रास एवढाच की जागा कमी आहे, मोठी गाडी रस्त्याच्या कडेला लावावी लागते आणि संध्याकाळी एमआयडीसी सुटली की तिथं गर्दी होते. सकाळी लवकर जावा. मी त्यानंतर वाशीच्या चार फेऱ्या केल्या, परवा तर भर दुपारी कामोठ्यापासून साताऱ्यापर्यंत एसी एकदाही बंद पडला नाही आणि ती घरघर पण गेली.