वरण, पिठलं की उसळ? चौघांच्या घरात काय परवडतं

किराण्याची यादी करताना हात अडतो तो तूरडाळीपाशी. 2015 च्या दिवाळीच्या सुमारास ती किलोला 200 रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आमच्याकडे वरणाचे वार कमी झाले आणि पिठलं-उसळीचे वाढले. तेव्हापासून मी हिशेब किलोच्या भावाने करत नाही, वाटीने करते. एक वाटी कोरडा जिन्नस चौघांना किती पुरतो, तेल किती लागतं, गॅस किती वेळ चालतो आणि त्याच्या जोडीला आणखी काय रांधावं लागतं, हे पाहायचं.

पिठल्याइतकं झटपट दुसरं काही नाही. वाटीभर बेसन, तीन वाट्या पाणी, कांदा, लसूण, मिरची. पंधरा मिनिटांत ताटात. भिजवायला विसरलात तरी अडत नाही. संध्याकाळी दमून घरी आलेल्या माणसाने हेच करावं. पण वाटीभर बेसन भरतं जेमतेम 90-100 ग्रॅम, आणि तीच वाटी तूरडाळीने किंवा मटकीने भरली तर 150 ग्रॅमच्या आसपास. प्रथिनं तिन्हींत शंभर ग्रॅमला साधारण 22-23 ग्रॅम. म्हणजे चौघांत वाटल्यावर पिठल्यातून माणशी 5 ग्रॅम मिळतात, वरणातून किंवा उसळीतून 8. पिठलं स्वस्त पडतं यात मोठा वाटा बेसन कमी लागतं याचाच. शिवाय फोडणीला तेल सढळ हवं, नाहीतर ते घशाला चिकटतं.

वरणाची खरी बचत कुकरमध्ये आहे. खालच्या भांड्यात डाळ, वरच्यात भात, एकाच गॅसवर दोन्ही शिजतं. साध्या वरणाला तेलाचा थेंब लागत नाही. मीठ, हळद, हिंग, वरून लिंबू. घरात तान्हं मूल किंवा दात गेलेली आजी असेल तर वरणाला पर्यायच शोधू नका. तूर महाग वाटली तर निम्मी मसूरडाळ मिसळा, बहुतेक वेळा ती स्वस्त असते आणि शिजतेही लवकर. उरलेल्या वरणात दुसऱ्या दिवशी चकोल्या सोडता येतात. अडचण एकच: नुसत्या वरण-भातावर मोठ्यांचं भागत नाही, शेजारी भाजी लागतेच. पावसाळ्यात भाज्या कडाडल्या की वरणाचं जेवण आपसूक महाग होतं.

म्हणून माझं मत उसळीकडे झुकतं. उसळ-भाकरी असली की वेगळी भाजी करावी लागत नाही, आमटीही नाही. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात गच्च बांधायची. दुसऱ्या सकाळी पुरचुंडी सोडली की पांढरे कोंब फडक्याच्या विणीतून बाहेर डोकावत असतात. थंडीत मोड यायला दीड दिवसही लागतो. तेव्हा पुरचुंडी भाताच्या गरम कुकरशेजारी ठेवते. पावसाळ्यात आधी वास घ्यायचा, हाताला चिकट लागली तर टाकून द्यायची. वाटीभर मटकीचे मोड अडीच-तीन वाट्या होतात, पण तो फुगवटा पाण्याचा असतो. तेवढ्यात दोन वेळा भागवलं तर माणशी प्रथिनंही निम्मीच येतात, हे मुलांचं ताट वाढताना लक्षात असू द्या.

मटकी कुकरला लावू नका, तिचा लगदा होतो. कढईत फोडणी देऊन वर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. तेच गरम पाणी लागेल तसं उसळीत घालायचं. मंद आचेवर बारा-एक मिनिटांत दाणा बोटाने दाबला जातो. गूळ, आमसूल, थोडं दाण्याचं कूट. चवळी-मुगाचं गणित साधारण हेच. वाटाण्या-छोल्यांना मात्र कुकर लागतो आणि गॅसही जास्त जातो.

दोघंही नोकरीला जात असाल आणि आदल्या दिवसाची तयारी जमत नसेल, तर सोमवार ते शुक्रवार वरण आणि अधूनमधून पिठलं, यातच शहाणपण आहे. घरी एक माणूस जरी सकाळी दहा मिनिटं देऊ शकत असेल, तर आठवड्यात तीन वेळा उसळ करा, उरलेल्या दिवशी वरण, आणि बेसनाचा डबा ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवसासाठी भरलेला ठेवा.