सांगलीच्या तरुण गटाला मिळालेले वर्षभराचे अनुदान : एक परीक्षण

प्रजनन आरोग्य आणि त्याविषयीचे हक्क यांवर सांगली-मिरज परिसरात काम करणाऱ्या आमच्या गटात पंचविशीच्या आतले अकरा जण आहेत. मुंबईतील एका देशी निधीने आम्हाला एका वर्षासाठी दीड लाख रुपयांचे अनुदान दिले होते. ती मुदत आता संपली असून, असा अर्ज करू इच्छिणाऱ्या गटांसाठी हा अनुभव नोंदवत आहे.

या अनुदानाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यात प्रवासखर्च आणि मानधन धरलेले होते. शिबिर, पत्रके, सॅनिटरी पॅड यांसाठी देणगी सहज मिळते, कारण त्यांची संख्या मोजता येते आणि छायाचित्र काढता येते. आमचे निम्म्याहून अधिक काम मात्र मुलींच्या सोबत जाण्याचे आहे. दहा ते एकोणीस वयोगटाला आरोग्यविषयक सल्ला देणारे ‘मैत्री’ क्लिनिक सरकारी रुग्णालयांत असते, पण तिथपर्यंत एकटीने जाण्याचा धीर अनेकींना होत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, सज्ञान स्त्रीला त्यासाठी नवऱ्याची किंवा आईवडिलांची संमती लागत नाही, २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक परिस्थितीत मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहित स्त्रियांनाही सामावून घेतले, हे सारे एखादीला शांतपणे समजावून सांगायला अख्खी दुपार जाते. त्या दुपारचे मोल या निधीने ओळखले, याबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत पदराला खार लावून संततिनियमनाचा प्रचार करणारे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, त्याचा आपल्याला अभिमान आहेच; परंतु विशीतल्या, घरून पैसे मागू न शकणाऱ्या मुलींनीही तशीच पदरमोड करावी, अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

अर्ज मराठीत करता आला आणि मुलाखत फोनवर झाली, हेही सोयीचे होते.

मुख्य तक्रार वेळापत्रकाची आहे. ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास वाळवा, पलूस भागात उतरतात आणि गाळप संपताच परततात. कोप्यांवर, म्हणजे टोळ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, राहणाऱ्या मुलींना आणि नवविवाहितांना भेटण्याची संधी एवढ्या काळापुरतीच असते. निधीचा पहिला हप्ता मात्र डिसेंबरअखेर आला आणि दुसरा हप्ता टोळ्या गावी निघाल्यावर मिळाला. पैसे खर्च झाले, हिशेबही चोख लागला, तरीही ज्यांच्यासाठी ते मागितले होते त्यांतल्या अनेकींपर्यंत आम्ही पोहोचलो नाही, ही खंत आहे.

दुसरी अडचण नोंदणीची. आमचा गट नोंदणीकृत नसल्यामुळे पैसे आमच्या वतीने ते स्वीकारणाऱ्या एका नोंदणीकृत ‘यजमान’ संस्थेच्या खात्यातून आले आणि दर बिलावर तिथल्या सहीची वाट पाहावी लागली. यात दोष केवळ निधीचा नाही. तीस वर्षांखालील मुलींच्या गटांना पैसे देणारा आणि अर्जदार गटांनाच एकमेकांच्या अर्जांवर मतदान करू देणारा ‘फ्रिडा’सारखा आंतरराष्ट्रीय निधी २०१० पासून आहे, पण परदेशी देणगी घ्यायची तर परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही असा पैसा दुसऱ्या गटाकडे वळवू शकत नाही. म्हणूनच देशी निधीने लहान गटांसाठी यजमान संस्थेला ठरावीक दिवसांत सही करण्याचे बंधन घालायला हवे होते.

एवढे असूनही आम्ही पुन्हा अर्ज करणार आहोत. ऊसपट्ट्यातील गटांनी अर्ज करताना पहिला हप्ता दसऱ्यापूर्वी हवा असे कारणासह लेखी मागावे, आणि यजमान संस्थेशी सहीची मुदत आधीच कागदावर ठरवून घ्यावी.