'काकू, तुमच्या हार्मोनचं वय 67'

नाशिकच्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरणाऱ्या बायकांनो, हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहितेय.

मी 53 वर्षांची. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. जेवण तेच, तरी कंबर 80 सेंटिमीटरवरून 91 वर गेली, रात्री घामाने उशी ओली व्हायची, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) निघाली 6.1 टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अशात ट्रॅकबाहेर टेबल दिसलं: 'मोफत हार्मोन तपासणी'. पांढरा कोट घातलेल्या मुलीने हातात दोन दांड्या धरायला दिल्या आणि मिनिटभरात मोबाइलवर आकडा दाखवला. 67! माझ्या पोटात गोळाच आला.

पुढे ती जे बोलली ते खरं होतं, आणि तिथेच मी फसले. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की चरबी पोटावर साठू लागते, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, हाडं विरळ होतात. इतकं नीट मला कोणीच सांगितलं नव्हतं. नेहमीच्या डॉक्टरांनी तर "वयच आहे ताई" म्हणून वाटेला लावलेलं. वर ती म्हणाली, "यात तुमचा काही दोष नाही, काकू." विरघळलेच मी.

तो 67 चा आकडा मात्र खोटा, दांड्या धरून हार्मोन मोजता येत नाहीत. आणि खरी फसवणूक त्यानंतर सुरू झाली. कॉलेज रोडच्या त्यांच्या सेंटरमध्ये थरथरणाऱ्या मशीनवर रोज दहा मिनिटं उभं राहायचं, म्हणे व्यायामाची गरजच नाही. शिवाय दंडाला चोळायला 'नैसर्गिक हार्मोन क्रीम'. सहा महिन्यांचे 38,000 रुपये. एवढे नाहीत म्हटलं, तर "हप्ते पाडून देतो" म्हणत माझाच मोबाइल घेऊन ओटीपी टाकला. ते माझ्या नावावरचं कर्ज होतं, हे मेसेज आल्यावर कळलं. पावती म्हणून हाती साधा कागद.

तिसऱ्या महिन्यात अंगावरून लाल जायला लागलं. सेंटरवाली म्हणते, "शरीर तरुण होतंय!"

नणंदेने ओढतच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर 9 मिलिमीटर. पाळी गेल्यावर रक्त गेलं आणि अस्तर 4 च्या वर असलं, की कॅन्सर नाही ना हे बघायला तुकडा काढून तपासतात. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. चांगला आला. डॉक्टरबाईंनी क्रीमची ट्यूब उलटसुलट करून पाहिली. घटक नाहीत, बॅच नंबर नाही. "यात काय होतं ते मी सांगू शकत नाही," म्हणाल्या, "पण गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर अस्तर वाढतं, म्हणून आम्ही सोबत अस्तर आवरणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, देतो." खरी हार्मोन थेरपी घामासाठी, झोपेसाठी गुणकारी असते, पण स्तनांची तपासणी, रक्तदाब, रक्ताच्या गुठळीचा इतिहास बघून ती ठरते. नुसत्या साखरेसाठी देत नाहीत. साखरेला स्नायू लागतात: आठवड्याला निदान 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस वजनं. म्हणजे मी फुकटात करत होते तेच, वर दोन डंबेल्स.

सेंटरला आता कुलूप आहे, फोन बंद. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय. ट्यूब फेकली नाही, अन्न व औषध प्रशासनाकडे न्यायचीय. हप्ता मात्र दर 5 तारखेला न चुकता कापला जातो.

परवा पांडवलेण्यांच्या पायथ्याशी तसंच टेबल होतं, त्याच दांड्या. मुलगी वेगळी. रांगेत माझ्याच वयाच्या चौघी होत्या, दोघींनी माझं ऐकलं, दोघी म्हणाल्या, "फुकटच आहे ना, बघू तरी."