पिल्लं घेतली नाहीत, आईला बोलावलं: मांजरीच्या नसबंदीचा अनुभव

संस्थेचं नाव-पत्ता देत नाही, तशी त्यांचीच विनंती आहे. पत्ता कुठे दिसला की रात्रीतून फाटकाशी खोकी येऊन पडतात, आणि खोक्यांत पिल्लं. पुण्याच्या वेशीबाहेर, पत्र्याच्या शेडमधला प्राण्यांचा निवारा, एवढंच सांगते.

आमच्या सोसायटीतली ठकी मार्गशीर्षात जिन्याखाली व्याली. चार पिल्लं. ती माझ्या दारात जेवते, म्हणून सगळ्यांच्या लेखी माझीच. "मासळीबाजारात सोडून द्या, जगतील," असं सांगणारे तिघे निघाले. मी खोकं घेऊन रिक्षाने निवारा गाठला. तिथल्या मुलीने आत डोकावून सांगितलं, "काकू, पिल्लं नाही घेणार. दुधावर आहेत, आईजवळ न्या. दोन महिन्यांची झाली की आईला घेऊन या."

मला फार राग आला. मग निवारा कशासाठी? तिने उत्तर न देता मला आत नेलं. साठ मांजरांसाठी बांधलेल्या खोलीत शंभरावर मांजरं. वेगळ्या पिंजऱ्यात, आदल्या आठवड्यात खोक्यातून आलेल्या पाचांपैकी उरलेलं एकच पिल्लू, सलाइनवर. पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. लस न झालेल्या पिल्लांना गर्दीत हाच आजार आधी गाठतो. पलीकडे चार पर्शियन मांजरं, हौसेने विकत घेतलेली आणि घरभर केस होतात म्हणून आणून दिलेली. मधेच फोन वाजला: "गल्लीतली कुत्री उचलून न्या, कोर्टानेच सांगितलंय." सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं, पिसाळलेलं किंवा आक्रमक नसेल तर, मूळ जागीच सोडायचं असतं, हे ती शांतपणे समजावत होती. तासाभरात असे तीन फोन.

कुत्र्यांचा भाद्रपद तरी ठरलेला. मांजर जेमतेम दोन महिने गाभण असते, पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते, आणि पाचव्या महिन्याच्या आसपास तिच्या लेकीही माजावर येतात. माझी चार पिल्लं त्या खोलीत ठेवली असती, तरी उन्हाळ्यात मी पुढची चार घेऊन त्याच दारात उभी राहिले असते.

आता सेवेबद्दल. पकडायचा पिंजरा हजार रुपये अनामत ठेवून मिळाला. ठकी दोन दिवस फिरकली नाही, तिसऱ्या दिवशी सुकटीच्या वासाने आत गेली. शस्त्रक्रियेचे बावीसशे रुपये घेतले. खासगी दवाखान्यात मला साडेसहा हजार सांगितले होते. कुशीवर दोन बोटांएवढी जखम, टाके स्वच्छ. दोन रात्री तिथेच ठेवून घेतलं आणि रोज संध्याकाळी फोटो पाठवला. दुसऱ्या फोटोत ती खात होती, तो मी अजून जपून ठेवलाय.

उणिवाही आहेत. फोन दुपारी दोनच्या आधी लागत नाही. ताटकळणाऱ्यांना बसायला बाक नाही, माझ्या शेजारच्या आजी मांडीवर टोपली घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. घरी घ्यायच्या काळजीचा कागद फक्त इंग्रजीत. आमच्या वॉचमनला तो वाचता येईना, म्हणून मी मराठीत लिहून दिला. आता तोच वाटतात.

पिल्लांसाठी घरं शोधायलाही त्यांनी मदत केली. लस झाल्याशिवाय, घर पाहिल्याशिवाय आणि पुढे नसबंदी करण्याचं लिहून घेतल्याशिवाय पिल्लू देऊ देत नाहीत. एक कुटुंब त्यावरून रागावून निघून गेलं. मला ती अट योग्यच वाटते. तीन पिल्लं गेली. काळीला कोणी हात लावेना. संक्रांतीला काळी साडी हौसेने नेसतो आपण, पण काळं मांजर दारात नको. ती माझ्याकडेच राहिली, नाव चंद्रकळा. तिच्या शस्त्रक्रियेसाठी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे.