वाघोलीतला आमचा टँकरवाला: पाचपैकी चार तारे

वाघोलीत फ्लॅट बघायला येणारे पार्किंग विचारतात, शाळा विचारतात. सोसायटीच्या पाण्याचं काम माझ्याकडे आहे, म्हणून सांगते, आधी टँकर कुणाचा येतो ते विचारा. वाघोली जून २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली, पण आमच्या नव्वद घरांचं पाणी अजून चाकांवरच येतं.

आमचा सध्याचा पुरवठादार लहान आहे. तीन गाड्या, फोन मालक स्वतः उचलतो. नाव देऊ नका म्हणाला, कारण आहेत त्या सोसायट्यांनाच गाड्या पुरत नाहीत.

त्याची पहिली चांगली गोष्ट म्हणजे माप. आमची जमिनीखालची टाकी पाच मीटर बाय चार मीटर आहे. दहा हजार लिटर पडलं की पातळी बरोबर अर्धा मीटर चढली पाहिजे. आधीच्या टँकरवाल्याच्या वेळी ती जेमतेम चाळीस सेंटीमीटर चढायची, म्हणजे दर खेपेला दोन हजार लिटर गायब, आणि पावतीवर मात्र पूर्ण दहा हजार. आता वॉचमन खुणा केलेली काठी टाकून बघतो, मगच सही करतो. मालकाने या काठीवर कधी तोंड वाकडं केलं नाही. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर चौघांच्या घराला ५४० लागतात. एका टँकरमध्ये अशी अठरा घरं भागतात. आम्हाला रोज पाच खेपा लागतात, तेव्हा दोन हजारांची चोरी म्हणजे रोज एक अख्खा टँकर.

दुसरी गोष्ट, पाणी कुठून भरलं ते तो सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याकडे, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा सगळं पुणे पाण्याकडे संशयाने बघायला लागलं. आम्हीही घाबरलो. त्याने आपल्या बोअरचा तपासणी अहवाल आणून दिला आणि क्लोरीन तपासायला परवानगी दिली. पाणी जड आहे, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या पुढे. गीझरवर पांढरा थर बसतो, केस राठ होतात. पिण्यासाठी आम्ही ते वापरत नाही.

त्याचा एक ड्रायव्हर अहमदपूरकडचा पोरगा आहे. मी लातूरची म्हटल्यावर लगेच ताई म्हणायला लागला. तो राहतो त्या पत्र्याच्या खोल्यांना नळ नाही, म्हणून शेवटच्या खेपेनंतर मालक त्याला दोन ड्रम भरून नेऊ देतो. एवढ्यासाठीसुद्धा मी या माणसाची शिफारस करेन. शहराला पाणी पोचवणाऱ्याच्या घरात पाणी नसावं, हे मला पटत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ते बघितल्यावर नवऱ्याने पुण्यातली नोकरी धरली. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं ज्या शहराच्या उशाला आहेत, तिथे तरी पाणी असेल, एवढाच हिशेब होता. गावाकडून माझ्यासारखी माणसं येतच राहणार, त्यांना दोष देऊ नका. जलवाहिनी पोचायच्या आधी इमारतींना परवानगी कशी मिळते, हा प्रश्न विचारा.

एक तारा कापला तो उन्हाळ्यासाठी. मार्चपासून बोअर खाली जातात, दर चढतो आणि गाडी रात्री अकरानंतर येते. संध्याकाळी केसनंद फाट्यावर ती अडकली की दुसऱ्या दिवशीची सकाळ कोरडी. उशीर होणार असेल तर आधी फोन करायला हवा, तो करत नाही. होळीच्या आधीच दर लेखी ठरवून घ्या.

आणि नवं घर घेणाऱ्यांनो, महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवण्याचं हमीपत्र बिल्डरने दिलं असेल तर त्याची प्रत ताब्याआधी मागा. आम्ही ती नंतर मागितली, तोवर टँकरची बिलं मेंटेनन्समध्ये येऊन पडली होती.