चावा टोनीचा, पेच अ‍ॅबीचा

मी दातांची डॉक्टर. त्यामुळे गुन्ह्याच्या मालिकेत 'दातांची खूण जुळली' असं कुणी म्हटलं की माझा हात रिमोटकडे जातो. अमेरिकी नौदलाच्या गुन्हे तपासणाऱ्या टीमवरच्या 'एनसीआयएस' या मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा नववा भाग 'फ्रेम-अप' (पहिल्यांदा दाखवला २२ नोव्हेंबर २००५ रोजी) मी तरीही शेवटपर्यंत बघितला. पुढे शेवट फोडला आहे, बघायचा असेल त्यांनी इथेच थांबा.

क्वांटिकोच्या मरीन तळावर सरावाच्या वेळी कापलेले दोन पाय सापडतात. फक्त पाय. तपास गिब्सच्या टीमकडे येतो. पायावर चावल्याची खूण असते आणि ती जुळते टीममधल्याच टोनी डिनोझोच्या दातांशी! मग बाकीचे पुरावेही त्याच्याकडेच बोट दाखवायला लागतात. प्रकरण एफबीआयच्या फॉर्नेलकडे जातं आणि टोनी कोठडीत.

मायकेल वेदरलीचा टोनी एरवी सतत टवाळक्या करणारा. त्याचं आत जाणं म्हणूनच बोचतं. पण माझ्या मते हा भाग टोनीचा नाहीच, प्रयोगशाळेतल्या अ‍ॅबीचा आहे. त्याने हे केलेलं नाही याची तिला खात्री आहे, आणि तिच्याच टेबलावरून निघणारा रिपोर्ट त्याला अधिक गोत्यात आणतो. लपवता येत नाही, खोडता येत नाही. पॉली पेरेटने ही घुसमट झकास दाखवली आहे. आता, आरोपीच्या जिवलग मैत्रिणीला पुराव्याला हात लावू देतात कसे, हे विचारायचं नसतं बहुतेक.

करणारा निघतो तिचाच मदतनीस चिप. घरचाच भेदी. टोनीमुळे आधीची नोकरी गेल्याचा राग, एवढंच कारण. मला ते फारच पातळ वाटलं. (चिपचं काम मालिकेचे एक निर्माते डोनाल्ड बेलिसारिओ यांच्या मुलाने केलंय. वाईट नाही.) अ‍ॅबी त्याला टेपने बांधून टाकते तेव्हा मात्र मी टाळी वाजवली.

आता माझी तक्रार. दवाखान्यात आम्ही मऊ केलेल्या मेणाच्या पट्टीवर पेशंटला चावायला लावतो, तेव्हा खूण नीट उमटते, कारण मेण उमटलेलं धरून ठेवतं. कातडी तसं करत नाही. ती ताणते, सुजते, काळीनिळी पडते. तोच माणूस दोनदा चावला तरी खुणा वेगळ्या दिसू शकतात. अ‍ॅरिझोनात रे क्रोन या माणसाला याच पुराव्यावर १९९२ मध्ये दोषी ठरवलं, फाशीची शिक्षाही झाली. त्याने थर्माकोलसारख्या फोमवर दिलेला चावा मृत बाईच्या अंगावरच्या खुणेशी जुळतो, असं तज्ज्ञाने कोर्टात सांगितलं होतं. २००२ मध्ये डीएनएने तो सुटला. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालानेही या पद्धतीच्या शास्त्रीय आधारावर बोट ठेवलं.

मालिकेला हा प्रश्नच पडत नाही. खूण जुळली म्हणजे जुळली. चूक झाली असेल तर कुणीतरी मुद्दाम केली असणार. प्रत्यक्षात, हा भाग येण्याच्या दीड वर्ष आधी, माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांच्या तपासात एफबीआयनेच एका पिशवीवरचा बोटाचा ठसा ओरेगॉनमधल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा ठरवला आणि त्याला आत टाकलं. ठसा दुसऱ्याचाच असल्याचं स्पॅनिश पोलिसांनी दाखवल्यावर एफबीआयला माफी मागावी लागली. तिथे कुठला चिप नव्हता. फॉर्नेलच्या तोंडी याचा एक ओझरता उल्लेख जरी घातला असता, तरी कोठडीतले प्रसंग कितीतरी धारदार झाले असते.

तरी बघा. फक्त मालिकेशी ओळख नसेल तर थेट इथून सुरुवात करू नका. आधी टोनी आणि अ‍ॅबीचे दोन-चार भाग बघा, नाहीतर प्रयोगशाळेत तिचा जीव एवढा खालीवर का होतो ते कळणार नाही.